किडेपोला निघण्याआधी

वीसेक वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला ‘द माउंटन पीपल’ सापडलं. लेखक कॉलिन टर्नबुल, प्रकाशनवर्ष १९७२. रात्रीत वाचून संपवलं आणि पुढे कित्येक दिवस घास गोड लागेना. युगांडाच्या ईशान्य टोकाला, डोंगरात राहणाऱ्या इक लोकांची ती हकिगत. तीन वर्षांचं पोर झालं की आईबाप त्याला घराबाहेर काढतात, म्हाताऱ्याच्या तोंडातला घास तरुण ओरबाडून घेतात, असं त्यात लिहिलेलं. त्या डोंगरांच्या पायथ्याशी किडेपो खोरे राष्ट्रीय उद्यान आहे. तेव्हापासून ते नाव डोक्यातून गेलं नाही. आता या जानेवारीत जायचं ठरवलं आहे.

तयारीचं थोडक्यात सांगते. युगांडात उतरताना पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला लागतो आणि परतताना आपल्या विमानतळावरही तो मागतात. कंपालाहून गुलू, किटगुम या वाटेने गाडीने अख्खा दिवस जातो. एंटेबेहून छोटं विमान थेट उद्यानात उतरतं. डिसेंबर ते मार्च हा कोरडा काळ उत्तम. किडेपो नदी तेव्हा नुसती वाळू होते आणि सगळी जनावरं पाण्यासाठी नारुसच्या खोऱ्यात जमतात. रानम्हशींचे शेकड्यांचे कळप, हत्ती, सिंह, शिवाय युगांडात इतरत्र सहसा न दिसणारे चित्ते आणि शहामृग. मसाई मारामध्ये एका सिंहाभोवती वीस गाड्या उभ्या राहतात. इथे दिवसभरात दुसरी गाडी भेटेलच असं नाही.

एवढं कोणतीही सहल कंपनी सांगेल. माझा जीव अडकला आहे तो टर्नबुल यांच्या पुस्तकावरून झालेल्या भांडणात.

‘किडेपो’ हे नाव करामोजोंग भाषेतल्या ‘वेचणे’ या क्रियापदावरून आलं. ताडाच्या जातीच्या बोरासस झाडांची फळं वेचायला लोक या खोऱ्यात येत. १९६२ साली, युगांडा स्वतंत्र झाला त्याच वर्षी, हे खोरं राष्ट्रीय उद्यान झालं. ज्या जागेचं नावच वेचण्यावरून पडलं, तिथून वेचणारी माणसं बाहेर गेली. टर्नबुल तिथे पोहोचले ते साठच्या दशकाच्या मध्यावर, कडक दुष्काळात. तरुणपणी ते बनारस हिंदू विद्यापीठात शिकले होते, आनंदमयी माँच्या सहवासात राहिले होते. काँगोतल्या म्बुटी लोकांवरचं त्यांचं आधीचं पुस्तक प्रेमाने ओथंबलेलं होतं. इकांबद्दल मात्र त्यांनी निर्वाळा दिला, की यांच्यात माया नावाची गोष्ट उरलेलीच नाही. एवढ्यावर न थांबता त्यांनी सरकारला सुचवलं, की या लोकांना लहान लहान गटांत विभागून देशभर दूरदूर पांगवावं. म्हणजे हा समाजच मोडून टाकावा.

पुस्तक गाजलं. पीटर ब्रुक यांनी पॅरिसमध्ये त्यावर नाटक बसवलं. पण १९७४ साली नॉर्वेजियन मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी ‘करंट अँथ्रोपॉलॉजी’त टर्नबुल यांना जाहीर जाब विचारला. ज्या लोकांनी आपल्याला दारात उभं केलं, त्यांच्याबद्दल अभ्यासकाची काही जबाबदारी असते की नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

खरा घाव घातला तो जर्मन भाषाशास्त्रज्ञ बर्न्ट हाइने यांनी. इक भाषेचा अभ्यास करण्यासाठी ते त्याच डोंगरात गेले आणि १९८५ साली त्यांनी आपली निरीक्षणं छापली. टर्नबुल यांना भाषा जेमतेम येत होती. त्यांना माहिती पुरवणारा एक महत्त्वाचा माणूस इक नव्हताच, शेजारच्या डिडिंगा जमातीचा होता. ज्या वस्त्यांवरून सगळे निष्कर्ष काढले, तिथे बिगर-इक लोकही बरेच होते. शिकारीवर जगणारी टोळी उद्यानामुळे उखडली आणि माणुसकी हरवून बसली, हा पुस्तकाचा पाया. पण इक मुख्यतः शेती करणारे. आपण भलत्याच लोकांमध्ये राहतो आहोत की काय, असं पुस्तक आठवून हाइने यांना वाटायचं.

हे वाचलं तेव्हा मला १९७२ हे साल खुपलं. पुस्तक बाहेर आलं त्याच वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ होता. आपल्या आईवडिलांच्या पिढीने खडी फोडली, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले. त्या महिन्यांत कुणी परका मराठवाड्यातल्या एखाद्या गावात वही घेऊन बसला असता आणि भाकरीवरून झालेली भांडणं टिपून ‘मराठी माणसाचा स्वभाव’ असं पुस्तक लिहिलं असतं, तर आपण ते मानलं असतं का? भुकेने माणूस जे करतो ती त्याची संस्कृती नसते. टर्नबुल यांनी खोटं लिहिलं असं मी म्हणणार नाही. त्यांनी भूक पाहिली आणि तिला इक हे नाव दिलं, ही त्यांची चूक फार मोठी आहे.

अलीकडे कॅथरिन टाउनसेंड या मानववंशशास्त्रज्ञ इक लोकांमध्ये राहिल्या. त्यांच्या गटाचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. हातातला वाटा दुसऱ्याला किती देता हे पाहणाऱ्या चाचणीत इक जगातल्या इतर समाजांहून कमी उदार ठरले नाहीत. वाटून खाणं चांगलं, अशी त्यांच्यात शिकवण आहे आणि कोण वाटून खातं यावर भूमीतल्या शक्तींची नजर असते, अशी श्रद्धाही आहे. आज त्यांची संख्या दहा हजारांच्या आसपास आहे. पुस्तक मात्र अजून छापलं जातं आणि वाचलं जातं.

किडेपोला जाणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं आहे. सिंहांसाठी तीन दिवस ठेवाल, तर एक दिवस मोरुंगोले डोंगरासाठी ठेवा. उद्यानाचा वाटाड्या आणि बंदूकधारी रक्षक सोबत घेऊन चढावं लागतं, चढ दमवणारा आहे, पाणी भरपूर न्या. वर इकांची गावं आहेत. विचारल्याशिवाय फोटो काढू नका, आणि चढण्याआधी टर्नबुल यांचं पुस्तक वाचलं असेल, तर हाइने यांचा लेखही जरूर वाचा.