गलाई : मोडीतून चांदी काढणारा मराठी धंदा

केरळपासून पंजाबपर्यंत अनेक सराफ बाजारांच्या मागच्या बोळात गलाईची भट्टी असते आणि तिच्यापाशी मराठी ऐकू येतं. ही माणसं सांगलीतल्या खानापूर, आटपाडी, तासगावची, तशीच साताऱ्यातल्या माण-खटावची. दुष्काळी मुलखातून पोटासाठी बाहेर पडलेल्यांनी हा धंदा धरला. एकाचा जम बसला, की मागोमाग भाऊ, भाचा, गावातलं एखादं पोर भट्टीवर यायचं. मोडीत आलेला डाग आटवायचा, हिणकस काढायचं आणि शुद्ध धातू सराफाच्या हाती द्यायचा, हे त्यांचं काम.

सोनं शुद्ध करायलाही चांदीच लागते. एक भाग सोन्यात साधारण तीन भाग चांदी मिसळून आटवतात, कारण चांदी कमी पडली तर तेजाब आतपर्यंत पोचत नाही. मग ते मिश्रण तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, उकळतात. चांदी आणि तांबं विरघळतं, सोन्याची तपकिरी भुकटी तळाशी उरते. उरलेल्या पाण्यात तांब्याचे पत्रे सोडले की चांदी राखाडी गाळ होऊन त्यांच्यावर जमू लागते आणि पाणी निळं पडत जातं. गाळ धुऊन, वाळवून, टाकणखार घालून मुशीत आटवला की चांदीची लगड तयार. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. वितळलेली चांदी हवेतला प्राणवायू शोषते आणि थिजताना तो बाहेर फेकते, त्यामुळे थेंब उडतात. म्हणून अनुभवी कारागीर मुशीत वरून कोळशाची पूड टाकतो.

मोडीत जुने रुपयेही येतात. कंपनी सरकारने १८३५ साली ठरवलेला रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, आणि त्यात बारापैकी अकरा भाग चांदी. १९४० पासून ती निम्म्यावर आली आणि १९४७ ला रुपया निकेलचा झाला. त्यामुळे नाण्यावरचं साल वाचल्याशिवाय भाव सांगणारा गलाईवाला टिकत नाही.

ही चांदी मुळात आली कुठून? फार मोठा वाटा समुद्रापलीकडचा. बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरात १५४५ साली स्पॅनिशांना चांदी सापडली. तिचा ओघ मसाले आणि कापडाच्या बदल्यात हिंदुस्थानापर्यंत पोचला. आजही देशाची भूक आयातीवरच भागते. आपली खाणीतली चांदी प्रामुख्याने राजस्थानातली, तीही जस्त-शिशाच्या खनिजासोबत निघणारी. जगभरातही बहुतेक चांदी अशीच दुसऱ्या धातूंच्या जोडीने मिळते. त्यामुळे भाव चढला म्हणून खाणीतून लगेच जास्त चांदी निघत नाही. मोड मात्र लगेच वाढते. तेजीत पैंजण, तोडे, ताम्हणं कपाटातून बाहेर पडतात आणि गलाईच्या भट्टीला उसंत मिळत नाही.

या धंद्याची किंमत छाती मोजते. तेजाबातून उठणारा तांबूस धूर फुप्फुसं जाळतो. धूर ओढून घेणारी यंत्रणा आणि सांडपाण्याची सोय अरुंद बोळात करणं अवघड, म्हणून नियम आणि भट्टी यांची ओढाताण चालूच असते.

वीज सर्वांत उत्तम वाहून नेणारा धातू चांदीच, म्हणून ती आता सौरपॅनेलांत, स्विचांत जाते. पैंजण मोडीत आलं की बहुतेक सगळी चांदी परत मिळते. पॅनेलवर मात्र ती बारीक रेघांत पसरलेली असते. ती फायद्यात परत काढायची, तर गलाईच्या हातांना प्रयोगशाळेची जोड द्यावी लागेल. तेजाब, तांबं आणि टंच, म्हणजे धातूची शुद्धता, यांचं गणित ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांना या नव्या उद्योगात मजूर म्हणून नव्हे, जाणकार म्हणून घ्यायला हवं.