उकळत्या पाण्यांतील उष्णता कोठें जाते?

शिक्षक असतांना एका विद्यार्थ्यावर मीं केलेला अन्याय मला अजून बोंचतो. चंचुपात्रांत पाणी उकळत होतें. तापमापकाचा पारा ९८ अंशांच्या आसपास थांबला होता. आमचें कान्हे गांव समुद्रसपाटीपासून बरेंच उंच, त्यामुळें येथें पाणी शंभरांच्या थोडें आधींच उकळतें. त्या मुलानें विचारलें, "गुरुजी, ज्योत तर जळतेच आहे; मग ती उष्णता जाते कोठें?" "पुस्तकांत तसेंच दिलें आहे," असें म्हणून मीं त्यास खालीं बसविलें. खरें सांगावयाचें तर उत्तर मला पाठ होतें, समजलेलें नव्हतें.

पाण्याचे रेणू एकमेकांस धरून असतात. पाणी उकळूं लागेपर्यंत उष्णता त्यांची गति वाढविते, म्हणून पारा चढतो. पुढें ती त्यांना परस्परांपासून सोडविण्यांत खर्च होते आणि पारा जागचा हालत नाहीं. इ. स. १७६० नंतरच्या कांहीं वर्षांत ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनीं ही लपलेली उष्णता मोजून दाखविली. आजचीं शालेय पुस्तकें तिला अप्रकट उष्मा म्हणतात. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास ८० कॅलरी लागतात, एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४०.

आमच्या मावळांत घरोघरीं इंद्रायणी तांदूळ शिजतो. त्याचें एक लिटर आधण २८ अंशांपासून उकळीस आणण्यास ७० किलोकॅलरी पुरतात. उकळी फुटल्यावर ज्योत कितीही मोठी केली तरी पाणी अधिक तापत नाहीं, भातही लवकर होत नाहीं. वाफ मात्र उडते. त्यांतलें नुसतें सव्वाशे ग्रॅम पाणी उडालें कीं जवळजवळ तेवढीच उष्णता पुन्हां खर्च झाली! म्हणून आंच मंद करावी व झांकण ठेवावें. घरांतील मंडळींस हें माझ्या आधींपासून ठाऊक होतें. आंकडे तेवढे माझे.

झांकण काढतांना हात जपावा. वाफ त्वचेवर पुन्हां पाणी होते तेव्हां घेतलेली सर्व उष्णता तेथेंच टाकते. उकळत्या पाण्याच्या तितक्याच वजनाहून हा चटका सुमारे दसपट उष्णतेचा असतो.

हीच देवघेव आषाढांत आमच्या डोंगरांवर चालते. समुद्राच्या पाण्याची वाफ होतांना दर लिटरमागें सुमारे ५८० किलोकॅलरी शोषल्या जातात. सह्याद्रीस अडून वारे वर चढतात, थंड होतात, ढग बनतात. ती उष्णता तेथें मोकळी होते आणि हवेस आणखी वर लोटते. तोच पाऊस लोणावळा, वळवण व शिरवता येथील तलावांत सांठतो. टाटांचें खोपोलीचें वीजगृह १९१५ सालीं सुरू झालें तें ह्याच पाण्यावर, आणि मुंबईच्या गिरण्यांस त्याची वीज मिळाली. हें पाणी घाटाखालीं पांचशे मीटरांहून अधिक खोल उतरतें. एवढी उंची, तरी एका लिटरपासून मिळणारी शक्ति जेमतेम सव्वा किलोकॅलरी. वाफेनें समुद्रावरून उचलून आणलेल्या उष्णतेचा सुमारे पांचशेवा हिस्सा. बाकीची वर ढगांतच राहिली.

तो विद्यार्थी आतां पोक्त गृहस्थ झाला असेल. हें भाषण ऐकत असल्यास त्याच्या प्रश्नाचें उत्तर हें. उशीर फार झाला.