सरहद्दीवरचे तेरा महिने : हैदराबादचा संघर्ष आणि शस्त्रांनी घडवलेला समाज

मराठवाड्यातील आणि सोलापूरच्या पूर्वेकडील खेड्यांतील जुनी माणसे वय सांगताना सन सांगत नसत. ‘रझाकाराच्या काळात मी लेकुरवाळी होते’ किंवा ‘पोलीस अ‍ॅक्शनला मी गुरं राखायचो’ असे ते सांगणे असे. ‘रझाकारी’ हा शब्द तर दांडगाई आणि जुलूम यांसाठी आजही वापरला जातो. ज्या घटनेने बोलीभाषा बदलली, तिने समाजही बदललाच असणार. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा राजकीय इतिहास आपल्याकडे विपुल लिहिला गेला. अनंत भालेराव आणि नरहर कुरुंदकर यांचे लेखन मराठी वाचकाला परिचित आहे. येथे प्रश्न थोडा वेगळा आहे : समाजाच्या हाती शस्त्रे येतात, तेव्हा त्या समाजाचे आतून काय होते?

हैदराबाद हे सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे, दीड कोटीहून अधिक वस्तीचे संस्थान. त्याची पश्चिम सीमा सोलापूर जिल्ह्याला खेटून होती. बार्शी तालुक्याच्या तर बहुतेक बाजूंनी निजामी मुलूख पसरलेला. तरीही ही सरहद्द माणसांनी कधी मनावर घेतली नव्हती. तुळजापूरची भवानी निजामाच्या हद्दीत आणि तिचे सोलापूरकर भक्त इंग्रजांच्या. लातूरचा माल बार्शी लाइट रेल्वेने कुर्डुवाडीला येई. १९११ पासून ही छोटी गाडी दोन राज्यांमधून धावत होती. सोयरिकी दोन्हीकडे होत. सीमा जाणवे ती करोडगिरीच्या नाक्यावर, मालावर जकात भरताना.

१५ ऑगस्ट १९४७ नंतर हीच रेघ रणरेषा झाली. निजामाने भारतात सामील होण्याचे नाकारले. २९ नोव्हेंबर १९४७ ला ‘जैसे थे’ करार झाला, पण दोन्ही बाजूंनी तो फक्त वेळ काढण्यासाठी वापरला. मूळचा लातूरचा वकील असलेल्या कासिम रझवीच्या हाती इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना आली होती. तिचे रझाकार गावोगाव कवायती करू लागले. ‘रझाकार’ याचा मूळ अर्थ स्वयंसेवक. तो अर्थ वर्षभरात पुसला गेला. जाळपोळ, लूट, खून आणि स्त्रियांवरील अत्याचार यांनी उस्मानाबाद, बीदर, नांदेड या जिल्ह्यांतली खेडी ओस पडू लागली. माणसे सोलापूर, बार्शीकडे आश्रयाला आली. विरोध करणाऱ्या मुसलमानांनाही सुटका नव्हती. ‘इमरोज’चे संपादक शोएबउल्लाखान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत भर रस्त्यात खून झाला.

याला उत्तर म्हणून सरहद्दीवर स्टेट काँग्रेसचे सशस्त्र कँप उभे राहिले. स्वामी रामानंद तीर्थांची चळवळ मुळात शाळांतून वाढलेली. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईची योगेश्वरी ही तिची उगमस्थाने. सत्याग्रह हा तिचा मार्ग. शिंदीची झाडे तोडणे, लेव्हीला विरोध करणे इथपासून सुरू झालेला लढा वर्षभरात करोडगिरी नाके आणि पोलीस ठाणी यांवरील हल्ल्यांपर्यंत पोहोचला. कँपमधले तरुण शिक्षक, विद्यार्थी आणि शेतकरी होते. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग फारसा उरला नव्हता, हे मान्य करावेच लागते. पूर्वेला तेलंगणात कम्युनिस्टांची दले देशमुखांविरुद्ध आणि रझाकारांविरुद्ध बंदूक घेऊन उभी होती. निजामाची फौज वेगळी, आणि सिडनी कॉटन नावाचा वैमानिक कराचीहून विमानाने शस्त्रे आणून टाकत होता. एकाच संस्थानात चार सशस्त्र शक्ती. याला यादवी हे नाव आपण देत नाही, पण लक्षणे यादवीचीच होती.

शस्त्रीकरणाचा पहिला परिणाम असा, की माणसाची अनेक नाती मिटतात आणि एकच शिल्लक राहते. कालपर्यंत जो विणकर, कूळ, तालमीतला जोडीदार होता, तो आज फक्त ‘त्यांचा’ किंवा ‘आपला’ होतो. तटस्थ राहण्याची मुभा कोणालाच नसते. संस्थानातील दलितांची कोंडी यातूनच झाली. त्यांच्या काही पुढाऱ्यांनी निजामाची बाजू धरली होती. डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये पत्रक काढून अस्पृश्य समाजाने निजामाची किंवा इत्तेहादची बाजू घेऊ नये, असे बजावले. त्यांना पुढचे दिसत होते : सत्तेच्या भांडणात ज्याच्या हाती जमीन नाही, त्याचाच दोन्हीकडून बळी जातो.

१३ सप्टेंबर १९४८ ला मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्याचा मुख्य स्तंभ सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने निघाला. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडले आणि बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. लष्कराची ही मोहीम ‘पोलीस कारवाई’ म्हणून नोंदली गेली, आणि पाच दिवसांच्या विजयावर इतिहासाचा तो अध्याय संपला.

गावांमध्ये मात्र तो संपला नव्हता. तेरा महिन्यांचा संताप आता सूड शोधत होता. बातम्या इतक्या अस्वस्थ करणाऱ्या होत्या, की दिल्लीहून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती पाठवण्यात आली. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर १९४८ या काळात ती संस्थानात हिंडली. कारवाईच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते, आणि सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांना बसली होती. रझाकारांच्या अत्याचारांची दखल घेऊनच समितीने हे लिहिले. लुटीत काही ठिकाणी सैनिक आणि पोलीस सामील झाल्याचे तिने नोंदवले. सोलापूर आणि इतर शहरांतून गेलेल्या सशस्त्र, शिकवून तयार केलेल्या माणसांचाही त्यात उल्लेख आहे. आपल्या गावाचे नाव अशा ठिकाणी वाचणे सोपे नाही.

पण त्याच अहवालात दुसरीही एक नोंद आहे, आणि सोलापूरसारख्या मागावर जगलेल्या शहराने ती विशेष जपावी. काही गावांत हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले, चालून आलेल्या हिंदूंशी झुंजून आणि प्रसंगी जीव देऊन. जिथे रोजच्या कामाचे नाते घट्ट होते, तिथे ते शस्त्रांच्या फाळणीला पुरून उरले. पळवलेल्या स्त्रियांना परत आणण्यातही अनेक हिंदूंनी मदत केली.

हा अहवाल सरकारने अनेक दशके प्रसिद्ध केला नाही. ए. जी. नूरानी यांच्या २०१३ च्या ग्रंथामुळे तो सर्वसामान्य वाचकापुढे आला. अशा मौनाची उदाहरणे जगभर आहेत. स्पेनमध्ये १९३९ ला संपलेल्या यादवीच्या बळींची दखल घेणारा स्मृती कायदा २००७ मध्ये झाला. मौनाने तात्पुरती शांतता मिळते, पण दोन्ही बाजूंची घरे आपापले दुःख वेगवेगळे सांभाळत राहतात. एका घरात रझाकारांनी जाळलेल्या वाड्याची गोष्ट सांगितली जाते, दुसऱ्या घरात विहिरीत उडी घेतलेल्या आजीची. दोन्ही खऱ्या आणि एकमेकींना अपरिचित.

मग समाज सावरला कशाने? लष्करी गव्हर्नरची राजवट १९४९ अखेर संपली. त्याच वर्षी जहागिरी रद्द झाल्या, पाठोपाठ कूळकायदा आला. १९५२ ला लोकांनी प्रौढ मतदानाने सरकार निवडले. औरंगाबादेत १९५० मध्ये आंबेडकरांचे महाविद्यालय सुरू झाले. तेलंगणातला सशस्त्र लढा १९५१ मध्ये मागे घेतला गेला. बंदुकीने राजवट बदलली, पण घडी बसवली ती जमीन, मत आणि शाळा यांनी. मात्र निजामी नोकरीवर आणि उर्दूवर ज्यांचे पोट होते, अशा असंख्य मुसलमान कुटुंबांच्या वाट्याला या घडीत उपजीविकेची वाट फारशी आली नाही. ती उणीव पुढे बराच काळ जाणवत राहिली.

सोलापूरने लष्करी अंमल यापूर्वीही पाहिला होता. मे १९३० मध्ये इंग्रजांनी शहरात मार्शल लॉ पुकारला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिले. त्या चौघांची नावे हे शहर आजही एका दमात घेते. तेव्हा बंदूक बाहेरच्या सत्तेची होती, म्हणून तिने माणसे जोडली. १९४८ मध्ये ती शेजाऱ्याच्या हाती आली, म्हणून तिने माणसे तोडली. १७ सप्टेंबरला मुक्तिदिन साजरा करताना कँपवरच्या तरुणांची आठवण व्हायला हवी. त्याच दिवशी, नंतरच्या महिन्यांत मेलेल्यांची आणि शेजाऱ्यासाठी मेलेल्या त्या अनाम विणकरांचीही व्हायला हवी. मुक्तिसंग्रामाचा मोठेपणा त्याने जराही कमी होत नाही.