पार्लमेंटचे दैनंदिन विधिकार्य : सतराव्या शतकातील इंग्लंड

सतराव्या शतकात इंग्लंडच्या पार्लमेंटची दोन सभागृहे, कॉमन्स सभा व लॉर्ड्‌स सभा, एका दिवसाच्या बैठकीत विधेयकांचे वाचन, चर्चा, मतमोजणी व परस्परांशी विचारविनिमय ज्या रीतीने करीत, ती कार्यपद्धती. तिचे नियम एका कायद्याने ठरविलेले नव्हते. पूर्वप्रघात, सभागृहाचे वेळोवेळी झालेले ठराव आणि लेखनिकांनी ठेवलेले कार्यवृत्त यांतून ते घडत गेले. राजसत्ता व पार्लमेंट यांच्यातील संघर्षाचे हे शतक असल्यामुळे, बैठक केव्हा संपवावी किंवा प्रश्न मतास कोणी टाकावा, यांसारख्या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या बाबींनाही मोठे राजकीय महत्त्व आले. या लेखातील तारखा तत्कालीन इंग्लंडमध्ये रूढ असलेल्या जुन्या पंचांगानुसार असून वर्षाचा आरंभ मात्र १ जानेवारीपासून धरला आहे.

स्थळ व वेळ : कॉमन्स सभा वेस्टमिन्स्टर राजवाड्यातील सेंट स्टीफन्स चॅपेल या जुन्या प्रार्थनामंदिरात भरे. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून ही वास्तू सभागृहाकडे होती व १८३४ च्या आगीत ती नष्ट होईपर्यंत तिचा वापर चालू राहिला. प्रार्थनामंदिरातील गायकवृंदाच्या आसनांप्रमाणे सभासदांची बाके दोन्ही बाजूंस समोरासमोर मांडलेली असत आणि जेथे पूर्वी वेदी होती, तेथे सभाध्यक्षाची खुर्ची असे. खुर्चीपुढे लेखनिकाचे मेज व त्यावर राजदंड ठेवीत. शतकाच्या उत्तरार्धात सभासदांची संख्या ५१३ झाली. एवढ्या सभासदांना बसण्यास जागा पुरत नसे. तथापि प्रत्यक्ष उपस्थिती पुष्कळदा फार कमी असे. १६४१ मध्ये सभागृहाने ४० ही किमान गणपूर्ती ठरविली. लॉर्ड्‌स सभा याच राजवाड्याच्या दुसऱ्या दालनात भरत असे. तेथे राजाचे सिंहासन होते व न्यायाधीश लोकरीच्या गाद्यांवर सल्लागार म्हणून बसत. त्यांना मताधिकार नव्हता.

बैठक सकाळी, शतकाच्या पूर्वार्धात बहुधा आठच्या सुमारास, प्रार्थनेने सुरू होई व दुपारच्या भोजनापर्यंत चाले. दुपारनंतरचा वेळ समित्यांसाठी राखलेला असे. काळोख पडल्यावर कामकाज चालू ठेवावयाचे झाल्यास मेणबत्त्या आणण्यासंबंधी सभागृहाची अनुमती घ्यावी लागे. त्यामुळे मेणबत्त्या आणाव्यात की नाहीत, या प्रश्नावरही प्रसंगी मतमोजणी होई. कारण मेणबत्त्या नाकारणे म्हणजे चर्चा त्या दिवसापुरती बंद पाडणे होय.

चर्चेचे नियम : सभासद टोपी घालून बसत, बोलावयास उठताना ती काढीत. भाषण सभाध्यक्षास उद्देशून करावयाचे असे व दुसऱ्या सभासदाचा नामोल्लेख निषिद्ध होता. एका विषयावर एका दिवशी सभासदास एकदाच बोलता येई. हा नियम गैरसोयीचा ठरे, तेव्हा सभागृह स्वतःचेच समितीत रूपांतर करी. सभाध्यक्ष खुर्ची सोडून जाई, राजदंड मेजाखाली ठेवीत आणि सभासदांपैकी एकजण अध्यक्षपद घेई. अशा पूर्णसभागृह समितीत कोणासही अनेकदा बोलता येई. पहिल्या जेम्सच्या कारकीर्दीत (१६०३–२५) ही पद्धती विशेष वाढली. सभाध्यक्षाची निवड औपचारिक रीत्या सभागृह करी. परंतु तो बहुधा राजाच्या पसंतीचा असे. त्यामुळे त्याला खुर्चीवरून दूर करणारी ही युक्ती राजाच्या दडपणापासून चर्चा मुक्त ठेवण्यासही उपयोगी पडली.

विधेयकाची वाटचाल : विधेयकाची प्रत हस्तलिखित व बहुधा एकच असे. सभासदांस त्यातील मजकूर कळावा म्हणून ते मोठ्याने वाचून दाखविणे अपरिहार्य होते; तीन वाचनांच्या प्रथेचे मूळ या व्यावहारिक गरजेत आहे. पहिल्या वाचनाच्या वेळी लेखनिक विधेयक संपूर्ण वाची. नंतर सभाध्यक्ष त्याला जोडलेल्या सारांशाच्या आधारे त्याचा आशय सांगे. या टप्प्यावर सहसा चर्चा होत नसे. दुसरे वाचन बहुधा दुसऱ्या दिवशी होई व त्या वेळी विधेयकाच्या तत्त्वावर मुख्य वाद रंगे. त्यानंतर विधेयक समितीकडे सोपविण्यात येई. समितीची नावे सभासद बसल्या जागेवरून पुकारीत व लेखनिक ती टिपून घेई. विधेयकाच्या मूळ तत्त्वासच विरोध करणाऱ्यास समितीत घेऊ नये, असा संकेत होता. कारण जे दुरुस्त करावयाचे, ते नष्ट करू पाहणाऱ्याच्या हाती देणे अयोग्य मानले जाई.

समितीने सुचविलेल्या दुरुस्त्या तिचा प्रतिनिधी सभागृहापुढे वाचून दाखवी. त्या संमत झाल्यावर विधेयक चर्मपत्रावर सुवाच्य अक्षरांत उतरवून घेण्याचा आदेश होई आणि या प्रतीचे तिसरे वाचन होई. कॉमन्स सभेने संमत केलेल्या विधेयकावर लेखनिक ते लॉर्ड्‌स सभेकडे पाठवावे असा शेरा नॉर्मन-फ्रेंच भाषेत लिही. काही सभासद ते घेऊन जात व लॉर्ड्‌स सभेपुढे तीनदा लवून सादर करीत. तेथेही तीन वाचने होत. एखाद्या गावाच्या, संस्थेच्या किंवा कुटुंबाच्या हितसंबंधांविषयीच्या खाजगी विधेयकांची संख्या मोठी असे आणि त्यांवर सभाध्यक्ष व लेखनिक यांस शुल्क मिळे. करविषयक विधेयके मात्र कॉमन्स सभेतच सुरू होत. त्यांत लॉर्ड्‌स सभेने बदल करू नये, असा आग्रह कॉमन्स सभेने १६७१ व १६७८ च्या ठरावांनी धरला.

मतमोजणी : सभाध्यक्ष प्रश्न मांडी व होकार-नकाराच्या आवाजावरून निर्णय देई. तो मान्य नसल्यास मतविभागणी होई. कॉमन्स सभेत एक पक्ष बाहेरच्या दालनात जाई व दुसरा जागेवर बसून राही. दोन्ही पक्षांचे प्रत्येकी दोन गणक मोजणी करीत. नवीन गोष्ट घडवून आणू इच्छिणाऱ्यांनी बाहेर जावे, असा सर्वसाधारण दंडक होता. बाहेर गेल्यास गर्दीत आपली जागा जाईल या भीतीने काही सभासद बसूनच राहत. त्यामुळे जागेवर राहणाऱ्या पक्षास अनायासे लाभ होई. लॉर्ड्‌स सभेत कनिष्ठ दर्जाच्या उमरावापासून क्रमाने मत विचारीत. अनुपस्थित उमरावास दुसऱ्यामार्फत प्रतिमत देण्याचीही मुभा होती.

सभागृहांतील परिषद व राजसंमती : दोन्ही सभागृहांत मतभेद झाल्यास त्यांचे प्रतिनिधी राजवाड्यातील चित्रित दालनात परिषदेसाठी एकत्र येत. तेथे उमराव टोप्या घालून बसत, तर कॉमन्स सभेचे प्रतिनिधी बोडक्या डोक्याने उभे राहत. उभय सभागृहांचे एकमत झाल्यावर विधेयक राजसंमतीसाठी जाई. राजा लॉर्ड्‌स सभेत येई, काळी छडी धारण करणारा अधिकारी कॉमन्स सभेस पाचारण करी आणि प्रत्येक विधेयकाचे शीर्षक वाचल्यावर लेखनिक राजाचे उत्तर ठराविक नॉर्मन-फ्रेंच शब्दांत सांगे. सार्वजनिक विधेयकास ‘राजाची तशी इच्छा आहे’ या अर्थाचे, तर नकार द्यावयाचा झाल्यास ‘राजा विचार करील’ या अर्थाचे शब्द असत. शब्दयोजनेस केवढे महत्त्व होते, हे १६२८ च्या हक्कविषयक अर्जावरून दिसते. पहिल्या चार्ल्सने २ जून रोजी दिलेले संदिग्ध उत्तर कॉमन्स सभेने अपुरे मानले व ७ जून रोजी त्यास रूढ शब्दांत संमती द्यावी लागली.

सत्रसमाप्ती व विसर्जन यांचा अधिकार राजाचा होता. सत्र समाप्त होताच अपुरी राहिलेली सर्व विधेयके रद्द होत व पुढील सत्रात त्यांचा प्रारंभ पहिल्या वाचनापासून करावा लागे. नको असलेले विधेयक उघडपणे नाकारण्यापेक्षा सत्रच संपविणे राजास अधिक सोयीचे असे.

कार्यवृत्त : लॉर्ड्‌स सभेचे कार्यवृत्त १५१० पासून व कॉमन्स सभेचे १५४७ पासून उपलब्ध आहे. कॉमन्स सभेच्या कार्यवृत्तात आदेश व निर्णय यांची नोंद होई. व्यक्तिगत भाषणे टिपण्यास सभागृहाचा विरोध असे, कारण ती राजाच्या हाती पडल्यास वक्त्यावर संकट ओढवे. डिसेंबर १६२१ मध्ये आपले हक्क नमूद करणारा निषेध सभागृहाने नोंदविला, तेव्हा पहिल्या जेम्सने कार्यवृत्त मागवून ते पान स्वतः फाडले. ४ जानेवारी १६४२ रोजी पहिला चार्ल्स पाच सभासदांना अटक करण्यासाठी सभागृहात आला असता साहाय्यक लेखनिक जॉन रशवर्थ याने त्याचे भाषण लघुलिपीत टिपले. सर सायमंड्‌स ड्यूझ व इतर सभासदांच्या खाजगी रोजनिशांतूनही दैनंदिन चर्चेची माहिती मिळते. कॉमन्स सभेचे निर्णय १६८० पासून तिच्या आज्ञेने छापले जाऊ लागले.

काही उल्लेखनीय दिवस : २ मार्च १६२९ रोजी सभाध्यक्ष सर जॉन फिंच राजाज्ञेनुसार बैठक तहकूब करण्यास उठला असता डेन्झिल हॉलिस व बेंजामिन व्हॅलेंटाइन यांनी त्याला बळाने खुर्चीत बसवून ठेवले. दरवाजे आतून बंद करण्यात आले व सर जॉन इलियटचे तीन ठराव घोषपूर्वक संमत झाले. यानंतर अकरा वर्षे पार्लमेंट भरले नाही. इलियट १६३२ मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये बंदिवासात मरण पावला. २२ नोव्हेंबर १६४१ रोजी राजाच्या कारभारावरील महानिषेधपत्रावर मध्यरात्र उलटेपर्यंत मेणबत्त्यांच्या प्रकाशात चर्चा होऊन ते १५९ विरुद्ध १४८ मतांनी संमत झाले. ते छापण्याच्या प्रश्नावर सभासदांचे हात तलवारींकडे गेले. २० एप्रिल १६५३ रोजी नव्या निवडणुकांविषयीचे विधेयक विचाराधीन असतानाच क्रॉमवेलने सैनिकांकरवी सभागृह रिकामे केले.

विधिकार्याच्या दृष्टीने २७ मे १६७९ हा दिवस विशेष बोधप्रद आहे. दुसऱ्या चार्ल्सचा भाऊ जेम्स हा कॅथलिक असल्यामुळे त्याला गादीपासून वगळणाऱ्या विधेयकाचे दुसरे वाचन कॉमन्स सभेत २१ मे रोजी २०७ विरुद्ध १२८ मतांनी संमत झाले होते. ते थांबविण्यासाठी राजा सत्र संपविणार, हे स्पष्ट होते. परंतु त्याबरोबर बंदी प्रत्यक्षीकरणाचे विधेयकही नष्ट होण्याचा धोका होता. असे विधेयक यापूर्वीही दोन सभागृहांच्या मतभेदांत अडकून बारगळले होते. २७ मे रोजी त्यासंबंधी कॉमन्स सभेबरोबर पुन्हा परिषद घ्यावी की नाही, यावर लॉर्ड्‌स सभेत मोजणी झाली व परिषदेच्या बाजूस ५७, तर विरुद्ध ५५ मते पडली. कार्यवृत्तात मात्र त्या दिवशी १०७ उमरावांचीच उपस्थिती नोंदली आहे. गिल्बर्ट बर्नेट या इतिहासकाराने अशी कथा दिली आहे, की लॉर्ड ग्रे या गणकाने एका स्थूलकाय उमरावास थट्टेने दहा म्हणून मोजले व दुसऱ्या गणकाचे लक्ष नसल्याने तीच संख्या कायम झाली. उपस्थितांची यादी नेहमीच पूर्ण नसे. त्यामुळे या आकड्यांच्या तफावतीवरून ही कथा सिद्ध होत नाही. परिषदेत उर्वरित मतभेद मिटले, राजाने त्याच दिवशी विधेयकास संमती दिली व सत्र समाप्त केले. वारसाविषयक विधेयक मात्र त्याबरोबर रद्द झाले.

या कायद्याने बंदिवानास न्यायाधीशापुढे हजर करण्याची मुदत अंतरानुसार ३, १० किंवा २० दिवस अशी ठरविली. आज्ञापत्र डावलणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्यास पहिल्या अपराधाबद्दल १०० व दुसऱ्याबद्दल २०० पौंड, तर सुटीच्या काळात आज्ञापत्र नाकारणाऱ्या न्यायाधीशास ५०० पौंड दंड सांगितला. बंदिवानास समुद्रापार पाठवून न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवण्यासही त्याने मनाई केली. बंदी प्रत्यक्षीकरणाचे आज्ञापत्र पूर्वीपासून होते. ते चुकविण्याच्या वाटा या कायद्याने बंद केल्या.

परिणाम : १६८९ च्या हक्कविषयक कायद्याने पार्लमेंटमधील भाषणस्वातंत्र्य न्यायालयांच्या व इतर अधिकाऱ्यांच्या कक्षेबाहेर ठेवले आणि पार्लमेंट वरचेवर भरविण्याचे तत्त्व मान्य केले. राजाने विधेयकास संमती नाकारण्याचा अखेरचा प्रसंग १७०८ मध्ये घडला. तीन वाचने, समितीकडे सोपवणूक, गणपूर्ती व मतविभागणी या प्रथा ब्रिटिश अंमलाबरोबर अन्य देशांत पसरल्या. बंदी प्रत्यक्षीकरणाच्या अधिकाराची मर्यादा महाराष्ट्रातही वादाचा विषय झाली. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने १८२८ मध्ये पुण्यातील मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलाविषयी असे आज्ञापत्र काढले असता गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या शासनाने ते अंमलात आणण्यास नकार दिला. १८२९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने शासनाच्या बाजूने निर्णय दिला. भारतीय संविधानाच्या ३२ व २२६ या अनुच्छेदांनी हा उपाय सर्वोच्च व उच्च न्यायालयांकडे सोपविला असून, १०५ व १९४ या अनुच्छेदांनी संसद व राज्य विधिमंडळे यांतील भाषणस्वातंत्र्यास संरक्षण दिले आहे. भारतीय संसदेत आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळातही विधेयकाच्या तीन वाचनांची पद्धती रूढ आहे; विधेयक छापून सभासदांच्या हाती पडत असल्याने ते अक्षरशः वाचून दाखविण्याची गरज मात्र उरलेली नाही.