नार्नियाचा दुसरा भाग: पोरं परत आली, राजवाडा पडलेला होता आणि डिस्नीने अंग काढून घेतलं

उजनीचं पाणी उन्हाळ्यात तळाला गेलं की इंदापूर तालुक्यात एक गोष्ट ठरलेली. पळसदेवचं जुनं मंदिर पाण्यातून उघडं पडतं आणि गाड्या भरभरून लोक बघायला जातात. ड्रोन उडतात, रील्स पडतात. पण त्या गर्दीत एखादं म्हातारं माणूस असतं, ज्याचं मंदिराकडे लक्षच नसतं. पार कुठं होता, आपलं घर कुठल्या अंगाला होतं, हे ते चिखलात फिरून शोधत असतं.

माझ्या आजीचं माहेर असंच धरणात गेलं. मी शाळेत असताना एकदा टीव्हीवर हिंदीत डब केलेला ‘नार्निया’चा दुसरा भाग लागला होता. चार भावंडं एका बेटावर पडक्या भिंतींमधून फिरतायत. गवतात एकीला बुद्धिबळातली सोन्याची सोंगटी सापडते आणि हळूहळू त्यांच्या लक्षात येतं, की हा पडलेला वाडा आपलाच आहे. आपण इथं राजे होतो. भाजी निवडत बसलेली आजी टीव्हीकडे बघून म्हणाली, “आमचंच गाव की रं हे.”

पुढे बारामतीला कॉलेजात असताना मूळ पुस्तक हातात पडलं. वाचल्यावर वाटलं, आजीला जे एका सीनमध्ये समजलं ते सिनेमावाल्यांनी पुढच्या दोन तासांत कुठं हरवलं?

तर आज त्याचीच गोष्ट. मुलांच्या पुस्तकावरून सिनेमा काढायचा, तो तुफान चालला की दुसरा काढायचा, यात नेमकं काय काय अडतं, हे समजून घ्यायला ‘प्रिन्स कॅस्पियन’एवढं चांगलं उदाहरण नाही.

आधी बॅकग्राउंड. सी. एस. लुईस या ब्रिटिश लेखकाने १९५० ते १९५६ या काळात नार्नियाची सात पुस्तकं प्रसिद्ध केली. पहिल्यात चार भावंडं कपाटातून नार्निया नावाच्या जगात जातात, तिथल्या चेटकिणीचा पाडाव होतो आणि ती राजे-राण्या होतात. त्यावरचा सिनेमा डिसेंबर २००५ मध्ये आला. डिस्नी आणि वॉल्डन मीडिया यांनी मिळून काढलेला. दिग्दर्शक अँड्र्यू अॅडमसन, म्हणजे ‘श्रेक’वाला. खर्च साधारण १८ कोटी डॉलर आणि जगभरातली कमाई ७४ कोटी डॉलरच्या पुढे. एवढे आकडे बघितल्यावर दुसऱ्या भागाला कोण नाही म्हणणार?

आता सात पुस्तकांमधून पुढचं कुठलं घ्यायचं हा प्रश्न होता. १९५१ मध्ये आलेलं दुसरं पुस्तक, ‘प्रिन्स कॅस्पियन’, घेण्यामागे एक साधं कारण होतं. त्यात ती चारही भावंडं आहेत, आणि पोरं मोठी होत होती.

हा मुद्दा जरा नीट बघू. पुस्तकातली पोरं लेखकाने सांगितली तेवढीच वाढतात. सिनेमातली पोरं कुणाचं ऐकत नाहीत. पुस्तकात दोन गोष्टींमध्ये इंग्लंडमधलं एकच वर्ष जातं. नार्नियात मात्र तेवढ्यात १३०० वर्षं उलटलेली असतात. आता सिनेमाचं बघा. पहिल्याचं शूटिंग २००४ च्या मध्याला सुरू झालं, तेव्हा लूसी झालेली जॉर्जी हेन्ली जेमतेम नऊ वर्षांची होती. दुसऱ्याचं शूटिंग फेब्रुवारी २००७ मध्ये सुरू झालं, तेव्हा ती अकरा वर्षांची आणि पीटर झालेला विल्यम मोझली वीस वर्षांच्या उंबरठ्यावर. आणखी एखादं वर्ष गेलं असतं तर शाळेचा युनिफॉर्म घालून स्टेशनवर उभा राहिलेला पीटर शिक्षक वाटला असता.

‘हॅरी पॉटर’वाल्यांनी हे गणित आधीच ओळखलं होतं. त्यांचा पहिला सिनेमा १६ नोव्हेंबर २००१ ला रिलीज झाला आणि दुसऱ्याचं शूटिंग तीनच दिवसांत, १९ नोव्हेंबरला सुरू झालं. पहिला चालतो की पडतो याचा निकाल पुरता लागायच्या आत. वर्षभरात दुसरा भाग थिएटरमध्ये. नार्नियाला दोन सिनेमांमध्ये अडीच वर्षं लागली.

बरं, पुस्तक तरी सोपं होतं का? अजिबात नाही. ‘प्रिन्स कॅस्पियन’ची मांडणी सिनेमासाठी डोकेदुखी आहे. पोरं स्टेशनवरून नार्नियात ओढली जातात, पडका राजवाडा सापडतो, आणि मग ट्रम्पकिन नावाचा एक बुटका त्यांना भेटतो. हा गडी बसून सांगायला लागतो, की कॅस्पियन नावाचा एक राजपुत्र आहे, त्याचा काका मिराझ याने गादी बळकावलीय, वगैरे. पंधरा प्रकरणांच्या पुस्तकातली सलग चार प्रकरणं ही अशी सांगितलेली गोष्ट. तोवर आपले हिरो नुसते ऐकत बसलेत.

वाचताना हे खपून जातं. कीर्तनात बुवा आख्यानातून आख्यानात शिरतात तेव्हा आपण तक्रार करत नाही, तसंच. पण थिएटरमध्ये हिरोंना अर्धा तास बसवून ठेवलं तर लोक पॉपकॉर्न आणायला उठतात.

म्हणून अॅडमसन आणि त्याचे दोन लेखक, ख्रिस्तोफर मार्कस आणि स्टीफन मॅकफीली, यांनी गोष्ट सुटी करून पुन्हा जोडली. (हे दोघं म्हणजे पुढे ‘अॅव्हेंजर्स: एंडगेम’ लिहिणारे. तेव्हा त्यांना कोण ओळखत होतं!) सिनेमा थेट मिराझच्या किल्ल्यात सुरू होतो. मिराझला मुलगा होतो, म्हणजे पुतण्याची गरज संपली. कॅस्पियन रात्रीच जीव घेऊन पळतो आणि जंगलात अडचणीत सापडल्यावर जादूचं शिंग फुंकतो. पुस्तकात तेच शिंग बऱ्याच लढाया हरल्यावर, मसलत करून फुंकलं जातं. माझ्या मते हा बदल चोख आहे. कॅस्पियनची पळापळ आणि पोरांचं परत येणं शेजारी शेजारी चालतं, त्यामुळे गोष्ट कुठं थांबत नाही.

गडबड पुढे झाली.

पुस्तकात कॅस्पियन हा पोरगाच आहे. सिनेमात ती भूमिका बेन बार्न्सने केली, तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. कॅस्पियन तरणाबांड झाला की पीटरशी त्याची टक्कर आलीच. पुस्तकात दोघं भेटतात तेव्हा पीटर सांगून टाकतो, की मी तुझी गादी घ्यायला आलेलो नाही. सिनेमात दोघं आधी तलवारी उपसतात आणि मग सेनापती कोण यावरून धुसफुस करत राहतात. शेवटी कॅस्पियन आणि सुझनचं चुंबनही आहे. पुस्तकात त्याचा मागमूस नाही.

आणि मग तो किल्ल्यावरचा रात्रीचा छापा. पुस्तकात असा प्रसंग नाही, सिनेमाने तो नव्याने घातला. पीटरच्या हट्टापायी नार्नियाची फौज मिराझच्या किल्ल्यात घुसते, डाव फसतो, माघार घेताना दरवाजा खाली येतो आणि निम्मी फौज आत अडकते. गजांच्या पलीकडे राहिलेल्यांचे चेहरे बघून पीटरला निघून जावं लागतं. सीन म्हणून जबरदस्त आहे, खोटं कशाला बोला. पण लाल महालावरचा छापा ऐकत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना पहिला प्रश्न हाच पडतो, की बाबांनो, बाहेर पडायची वाट कुणी ठरवली होती?

मला खटकलेली गोष्ट मात्र याहून छोटी आहे. पुस्तकात राजवाडा काळाने पडलाय. शेकडो वर्षं गेली, कुणी राहिलं नाही, झाडं भिंतीत शिरली. सिनेमात एडमंड खुणा बघून सांगतो, की हा वाडा शत्रूने दगड फेकून पाडलाय. एका वाक्याचा बदल, पण त्याने सगळ्या सिनेमाचा रोख फिरतो. पुस्तकातलं दुखणं काळाचं आहे. परत आलो, पण ज्यासाठी आलो ते राहिलंच नाही. सिनेमात त्या दुखण्याला शत्रू मिळाला आणि शत्रू मिळाल्यावर युद्ध आलं. उजनीत गेलेल्या गावावर कुणी चाल करून आलं नव्हतं. तरीही ते परत मिळत नाही, हे आजीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गंमत म्हणजे हे अॅडमसनला ठाऊक होतं. त्याचं लहानपण काही वर्षं पापुआ न्यू गिनीमध्ये गेलं आणि तो देश आता तसा राहिलेला नाही, ही खंत त्याने या सिनेमाबद्दल बोलताना मांडली होती. म्हणजे पुस्तकाचा गाभा दिग्दर्शकाच्या हातात होता. पण हातात १८ नव्हे, २२.५ कोटी डॉलरही होते. तेव्हाच्या भावाने ९०० कोटी रुपयांच्या वर. एवढा पैसा लावल्यावर चार पोरं पडक्या भिंतींमधून गप्प फिरतायत असा सिनेमा कुणी करू देत नाही.

पैसा गेला कुठं? शूटिंग न्यूझीलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर सुरू झालं, मग युरोप. प्राग शहरात मिराझच्या किल्ल्याचा अवाढव्य सेट. पोलंडमध्येही काही भाग. स्लोव्हेनियात बोवेत्स गावाजवळ सोचा नदीवर खास सिनेमासाठी लाकडी पूल बांधला. शेवटी नदीचं पाणी माणसाचा आकार घेऊन उठतं आणि पूल उचलून फेकतं, तो हाच पूल. आता पूल खरा, नदी खरी, पण उठणारं पाणी कॉम्प्युटरवरचं. पाणी हे इफेक्टवाल्यांसाठी सगळ्यात अवघड प्रकरण असतं. दगड किंवा राक्षस एकदा बनवला की हलवता येतो. पाण्याचा प्रत्येक शिंतोडा कसा उडेल याचं गणित मांडावं लागतं, आणि दिग्दर्शक म्हणाला दाढी जरा लांब हवी, की सगळं गणित पुन्हा.

त्यात अर्धा घोडा-अर्धा माणूस असलेले सेंटॉर, बोकडाच्या पायांचे फॉन, बोलणारी जनावरं. रीपिचीप हा तलवारबाज उंदीर तर सेटवर नव्हताच. नटांनी मोकळ्या जागेकडे बघून संवाद म्हणायचे, उंदीर नंतर येणार, त्याचा आवाज एडी इझार्डचा. अंगाने वीतभर आणि ऐट सरदाराची. सिनेमात सगळ्यात भाव खाऊन जातो तो हाच.

इफेक्टचं काम वाढलं की तारीख हलते. आधी डिसेंबर २००७ ठरलेला सिनेमा १६ मे २००८ वर गेला. पहिला भाग नाताळच्या सुट्टीत आला होता, बर्फ, चेटकीण, सगळं कुटुंब थिएटरात. मे महिन्यात हॉलिवूडमध्ये बैलगाडा शर्यतीचा फायनल फेरा असतो. दोन आठवडे आधी ‘आयर्न मॅन’ आलेला, सहा दिवसांनी ‘इंडियाना जोन्स’ येणार. मधल्या फटीत नार्निया.

जगभरातली कमाई ४२ कोटी डॉलरच्या आसपास थांबली. तुम्ही म्हणाल, २२ लावून ४२ मिळाले, वाईट काय? तर त्या ४२ मधला मोठा वाटा थिएटरवाल्यांचा, आणि जाहिरातीचा खर्च २२ मध्ये धरलेलाच नसतो. शिवाय पहिल्या भागाच्या ७४ शी तुलना होणारच. २००८ संपायच्या आत डिस्नीने तिसऱ्या भागातून अंग काढून घेतलं. तो पुढे फॉक्सच्या मदतीने कमी पैशांत झाला, २०१० मध्ये आला, साधारण दुसऱ्याएवढंच कमावून गेला आणि गाडी थांबली. सातपैकी चार पुस्तकं तशीच राहिली.

मराठीत असं काही झालंय का? मुलांच्या कादंबरीवरची फँटसी आणि तिचा सीक्वेल, असं सगळं एकत्र नाही. तुकडे आहेत. महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ १९९३ चा, दुसरा भाग २०१३ मध्ये, तोही थ्रीडीत. मध्ये वीस वर्षं. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये गेले होते, म्हणून गोष्ट पुढच्या पिढीवर नेली. पण तात्या विंचू तोच, कारण बाहुल्याला वय नसतं. नार्नियावाल्यांना ही सोय नव्हती.

दुसरा तुकडा भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’. इंदापूरहून एसटीने पुण्याला जाताना हडपसरच्या अलीकडे फुरसुंगीचा फाटा लागतो, तिथला हा बन्या. २०१७ च्या सिनेमात अमेय वाघने तो केला, आणि शाळकरी बन्या मेडिकल प्रवेश परीक्षेला पुण्यात आलेला तरुण झाला. कॅस्पियनचं झालं तेच, हिरोचं वय वाढवलं. फरक एवढाच, की इथं ते अगदी सुरुवातीलाच ठरवून केलं होतं आणि भागवतांच्या नावाचं पात्र दिलीप प्रभावळकरांना देऊन पुस्तकाला सलामही ठोकला. दुसरा भाग मात्र आपण अजून बघितलेला नाही.

इकडे नार्नियाचे हक्क २०१८ मध्ये नेटफ्लिक्सकडे गेले, सातही पुस्तकांचे. नवा सिनेमा ‘बार्बी’वाली ग्रेटा गर्विग करतेय आणि तिने सुरुवात ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’पासून केलीय. प्रसिद्ध झालं सहावं, पण गोष्टीच्या क्रमाने पहिलं. त्यात ही चार भावंडं नाहीत, डिगरी आणि पॉली अशी वेगळीच दोन पोरं आहेत. म्हणजे पहिल्या सिनेमातली पोरं मोठी व्हायच्या आत दुसरा उरकायची घाई निदान यावेळी नाही. ‘प्रिन्स कॅस्पियन’ पुन्हा करायची वेळ आली, तर त्या बुटक्याची चार प्रकरणं मात्र जिथल्या तिथंच असतील.