कॉस्टिक एकच, कोड मात्र तीन

‘सॅप’ या जर्मन कंपनीने आपल्या जुन्या ईआरपी, म्हणजे खरेदीपासून हिशेबापर्यंतचे व्यवहार सांभाळणाऱ्या, प्रणालीची नियमित देखभाल २०२७ अखेर थांबवण्याचे जाहीर केले, तेव्हापासून जगभरातले कारखाने नव्या प्रणालीच्या तयारीला लागले आहेत. त्यांच्या मागोमाग ‘मास्टर डेटा मॅनेजमेंट’ विकणारेही निघाले आहेत. पदार्थ, पुरवठादार आणि ग्राहक यांची मूळ यादी एका जागी नीट करा, ती ईआरपीला जोडा, मग सगळी खाती एकच भाषा बोलतील, असा त्यांचा दावा. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक आणि औषधी कारखान्यांची दाटी आहे. अशा ठिकाणी हा दावा जरा तपासूनच घ्यायला हवा. दोन संगणक जोडणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. दोन नोंदी एकाच वस्तूच्या आहेत की नाहीत, हे ठरवणे मात्र कठीणच आहे. आणि तो प्रश्न संगणकापेक्षा रसायनशास्त्राचा अधिक आहे.

एकच द्रावक स्टोअरमध्ये ‘आयपीए’ असतो, पुरवठादाराच्या बिलावर ‘आयसोप्रोपिल अल्कोहोल’ आणि प्रयोगशाळेच्या अहवालात ‘प्रोपेन-२-ऑल’. घरात बाळू, शाळेच्या दाखल्यावर बाळकृष्ण आणि सातबाऱ्यावर भलतेच आद्याक्षर असलेल्या माणसासारखी त्याची गत होते. बहुतेक ईआरपीत नवा कोड म्हणजे रांगेतला पुढचा आकडा. पदार्थाविषयी तो काहीच सांगत नाही. त्यामुळे एका द्रावकाचे तीन कोड सहज तयार होतात. एका कोडवर माल पडून असताना दुसऱ्यावर नवी ऑर्डर जाते, हे नुकसान वरवरचे. खरा धोका वेगळा आहे. घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांनुसार ठरावीक साठ्यापलीकडे जादा जबाबदाऱ्या लागू होतात. समजा, एखाद्या पदार्थाची मर्यादा दहा टन आहे आणि दोन कोडांवर सहा-सहा टन माल आहे. प्रत्येक नोंद स्वतंत्रपणे मर्यादेत दिसते, गोदामात मात्र बारा टन असतात. २२ जुलै २०२१ ला महाडमध्ये सावित्री नदीचे पाणी चढले, तशा दिवशी ही चूक कागदावरची राहत नाही.

गंमत अशी, की या प्रश्नाचा गाभा ईआरपी जन्मण्याआधीच सुटलेला होता, आणि तोही रसायनशास्त्रात. अमेरिकेतल्या ‘केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स सर्व्हिस’ने १९६५ मध्ये पदार्थांची नोंदवही सुरू केली. तिथल्या हॅरी मॉर्गन यांनी त्याच वर्षी एक रीत प्रसिद्ध केली. रेणूतल्या प्रत्येक अणूला त्याच्या शेजाऱ्यांच्या संख्येइतका आकडा द्यायचा. मग प्रत्येकाने शेजाऱ्यांच्या आकड्यांची बेरीज घ्यायची आणि वेगळेपणा वाढतोय तोवर हे पुन्हा पुन्हा करायचे. सगळ्यात मोठा आकडा ज्याचा, तिथून क्रमांक घालायला सुरुवात करायची. आयपीएमध्ये मधल्या कार्बनला हायड्रोजन सोडून तीन शेजारी, बाकीच्यांना एकेकच. म्हणजे रेणू उलटा काढा की सुलटा, सुरुवात त्या कार्बनपासूनच होणार. नावाकडे न बघता रचनेवरून ओळख पटवायची ही युक्ती इतकी नेमकी आहे, की औषधसंशोधनात संगणक रेणूंची तुलना करतात तेव्हा आजही ‘मॉर्गन फिंगरप्रिंट’ वापरतात. पुढे सातच वर्षांनी, १९७२ मध्ये, आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी सॅप स्थापन केली. त्यांचे पहिले गिऱ्हाईक होते ‘आयसीआय’ या रसायन कंपनीचा जर्मनीतला नायलॉन कारखाना. ईआरपीची ही शाखा रासायनिक कारखान्यातच रांगायला शिकली. संस्थापकांची चरित्रे लिहिली गेली. मॉर्गन यांचे नाव व्यवस्थापनाच्या पुस्तकात शोधूनही सापडायचे नाही.

मग केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्सच्या नोंदवहीतला ‘कॅस’ क्रमांकच कोड म्हणून का वापरू नये? मोह मोठा आहे. कॉस्टिक सोड्याचा क्रमांक १३१०-७३-२. शेवटचा २ हा पहारेकरी आहे. उरलेल्या आकड्यांना उजवीकडून एक, दोन, तीन असे गुणत गेले, की बेरीज ४२ येते. तिचा एकक तोच २. घाईत १३०१ टंकले तर बेरीज ४१ होते आणि चूक तिथेच पकडली जाते. पण महाडला कॉस्टिक येतो तो कधी फ्लेक्सच्या पोत्यांतून, कधी लाय म्हणजे द्रावण म्हणून टँकरमधून. कॅसच्या लेखी दोन्ही एकच. वाहतुकीसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या यादीत मात्र घन कॉस्टिक १८२३ आणि द्रावण १८२४. जीएसटीच्या एचएसएन यादीतही दोघांची घरे वेगळी, २८१५११ आणि २८१५१२. यातली एकही यादी चुकलेली नाही. पोलादपूरवरून कशेडीकडे निघालेला टँकर कलंडला, तर बचावपथकाला आतले द्रव्य घन की द्रव हे आधी कळायला हवे. साठ्याची मर्यादा मोजणाऱ्याला त्यातला मूळ पदार्थ कळायला हवा. ‘एकच वस्तू’ म्हणजे काय, हे विचारणाऱ्याच्या कामावर ठरते.

म्हणून ‘सत्याची एकच प्रत’ ही घोषणा फसवी वाटते. हवी ती एक मूळ नोंद आणि तिच्याखाली नीट बांधलेली रूपे: वर पदार्थ, खाली फ्लेक्स आणि लाय, त्याखाली तीव्रता, प्रत, पॅकिंग. नवा कोड जन्मेल तो याच यादीत. ईआरपीने तो तिथून उचलायचा, स्वतः पाडायचा नाही. यावर कारखान्यातून येणारा आक्षेप खरा आहे: गेटवर गाडी उभी असताना रसायनतज्ज्ञाच्या सहीची वाट कोण पाहणार? तात्पुरता कोड द्यावा, पण त्यावर मुदत घालावी आणि त्या मुदतीत तो मूळ नोंदीला जोडला गेला नाही तर पुढची खरेदी अडवावी. दुसरा आक्षेप असा, की हे सगळे आता कृत्रिम बुद्धिमत्ता करील. ती नोंदींच्या जोड्या झपाट्याने सुचवते, यात शंका नाही. पण सोडियम क्लोराइड म्हणजे मीठ आणि सोडियम क्लोराइट म्हणजे जोरदार ऑक्सिडीकारक. लिहिताना फरक एका अक्षराचा. उलट आयपीए आणि प्रोपेन-२-ऑल या नावांत काहीच जुळत नाही, पदार्थ मात्र एकच. इव्हान फेलेगी आणि ॲलन सन्टर यांनी १९६९ मध्ये नोंदी जुळवण्याचे गणित मांडले, तेव्हा त्यांनी तीन ढीग केले होते: जुळणारे, न जुळणारे आणि माणसाने तपासायचे. तिसरा ढीग लहान करणे हे यंत्राचे काम. तो नाहीसा झाला असे सांगणाऱ्या विक्रेत्याला मीठ-क्लोराइटचे उदाहरण जरूर द्यावे.

छोट्या युनिटला एवढा खटाटोप परवडेल का, हाही प्रश्न उरतो. शे-दोनशे पदार्थांसाठी महागडी प्रणाली लागत नाही. कॅस क्रमांकाचा रकाना सक्तीचा करणे, पहारेकरी आकडा तपासणारे एक सूत्र आणि कोड मंजूर करणारा एक जबाबदार माणूस एवढ्यावर बरेच भागते. तांत्रिक मिश्रणांना एकच कॅस क्रमांक लावून चालणार नाही. तिथे घटकांची यादी ठेवावी लागेल. जोडणी जमली की नाही, हे झकपक डॅशबोर्डवरून ठरत नाही. आवारात अमुक पदार्थ सगळ्या नावांनी आणि सगळ्या रूपांत मिळून आत्ता किती आहे, याचे उत्तर रात्रपाळीच्या सुपरवायझरला एक्सेल न उघडता मिळाले पाहिजे. जी प्रणाली ते देत नाही, तिला मास्टर डेटा म्हणण्यात अर्थ नाही.