गंधकाला धरून ठेवणारी जाळी

गंधक शेतकऱ्याच्या घरात नवे नाही. मिरचीवर भुरी आली की आमच्या टेंभुर्णीतही पाण्यात मिसळणारे गंधक फवारतात. उर्दूत त्याला गंधकच म्हणतात, अरबीत किब्रीत. जाबिर बिन हय्यान यांच्या नावावरील ग्रंथांत सर्व धातू गंधक आणि पाऱ्यापासून बनतात असे मत आहे. ते मत मागे पडले. गंधक मात्र बॅटरीच्या निमित्ताने पुन्हा प्रयोगशाळेत आले आहे.

कर्ज काढून ई-रिक्षा घेतलेल्या घराला विचारा, बॅटरी बदलायची वेळ आली की महिन्याचा हिशेब कसा कोलमडतो. मोबाइलच्या बॅटरीतला कोबाल्ट महाग, तोही बहुतांश काँगोतून येणारा. गंधक तेलशुद्धीकरणात आपोआप उरते. एक ग्रॅम गंधक कागदावर १६७५ मिलीअँपिअर-तास भार साठवते; कोबाल्ट ऑक्साइड व्यवहारात १५०च्या आसपास. गंधकाचे व्होल्टेज कमी, म्हणून प्रत्यक्ष फायदा एवढा मोठा नाही, तरी बराच आहे.

मग अशी बॅटरी दुकानात का दिसत नाही? लिथियमशी संयोग होताना गंधकाची पॉलिसल्फाइड संयुगे बनतात. ती आतल्या द्रवात विरघळून पलीकडच्या लिथियमपर्यंत भटकतात. दर चार्जिंगला थोडे गंधक वाया जाते आणि बॅटरी लवकर म्हातारी होते.

इथे सच्छिद्र पॉलिमर कामाला येतात. मधाच्या पोळ्यासारखी जाळी, पण छिद्रे नॅनोमीटरची. गंधक त्यांत भरायचे. जाळीतले नायट्रोजन-ऑक्सिजनचे अणू पॉलिसल्फाइडला धरून ठेवतात. अडचण अशी की गंधकातून वीज वाहत नाही आणि अशा बहुतेक जाळ्यांतूनही नीट वाहत नाही. सोबत कार्बन मिसळावा लागतो.

अशा सुबक सेंद्रिय जाळ्या २००५ मध्ये ओमर याघी यांच्या गटाने प्रथम बनवल्या. अम्मानमधल्या पॅलेस्टिनी निर्वासित कुटुंबात, वीज नसलेल्या घरात ते वाढले. धातू-सेंद्रिय जाळ्यांच्या कामासाठी त्यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. सुरुवातीच्या जाळ्या पाण्याने मोडत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१२ मध्ये आम्ल आणि अल्कलीतही टिकणाऱ्या जाळ्या केल्या. हे काम मला मोलाचे वाटते, कारण टिकाऊपणाशिवाय बाकी सारे कागदावरच राहते.

आयआयटी मुंबईचे सागर मित्रा आणि शिव नाडर विद्यापीठाच्या बिमलेश लोचब यांनी दुसरी वाट धरली: गंधकाला पॉलिमरमध्येच रासायनिक बंधाने बांधायचे. त्यासाठी त्यांनी वापरले लवंगेच्या तेलातले युजेनॉल आणि काजूच्या टरफलाच्या तेलातले कार्डानॉल. लवंग प्रत्येक स्वयंपाकघरात असते, आणि काजूची टरफले कोकणातल्या कारखान्यांबाहेर ढिगाने पडलेली असतात.